अर्जदाराच्या सांगण्यावरून

काळी छत्री, एक तार वाकडी.

अर्ध्या गालावर साबण, नळ वाहता.

थर्मासच्या झाकणाच्या आत नखाने कोरलेला मासा.

"घशातली गाठ साधी आहे. पण ऑपरेशननंतर चौदा दिवस एक शब्द नाही. कुजबूजसुद्धा नाही."

सतरा जण, खिडकीपाशी, रोज सकाळी सव्वासहाला.

पाटीवर तीन शब्द: नाही हे दाखव.

*

पाटी ताईने त्याच्या नाकाशी धरली होती, इतकी जवळ की अक्षरं लागण्यासाठी त्याला मान मागे न्यावी लागली. दवाखान्यातून घरी येऊन तिला पुरता तासही झाला नव्हता. गळ्याभोवती मफलर, पायांवर शाल आणि नव्याकोऱ्या पाटीवरचं पहिलं वाक्य हे.

"आधी पाणी तरी मागायचंस," तो म्हणाला.

तिने पेन्सिलीने पाटीवर टकटक केलं. विषय बदलायचा नाही.

चूक त्याचीच होती. येताना टॅक्सीत तो म्हणाला होता, "आता चौदा दिवस देवाच्या बाजूला वकील नाही. खटला मीच जिंकणार."

"मी कशाला दाखवू?" त्याने बुटांच्या नाड्या सोडल्या. "आहे असं तू म्हणतेस, दाखवायचं तू. काउंटरवर येऊन एखादा म्हणाला, छत्री माझी आहे, तर खूण त्यानं सांगायची. ती त्याची नाही हे मी सिद्ध करत बसलो, तर निवृत्तीपर्यंत मला एकच छत्री पुरेल."

ताई हसली. घशातून आवाज काढायचा नव्हता, म्हणून नुसते खांदे हलले. मग तिने पाटी पुसली आणि लिहिलं: पाणी.

*

तो बस स्थानकातल्या हरवलेल्या वस्तूंच्या खोलीत कारकून होता. एकतीस वर्षं. खोलीत लोखंडी फडताळं, एक लांब काउंटर, आणि काम करायची पद्धत एकच: वस्तू दाखवण्याआधी खूण लिहून घ्यायची. बाहेरून दिसणारी नाही, फक्त मालकाला ठाऊक असेल अशी. जुळली तर वस्तू द्यायची. नाही जुळली तर नोंदवहीत 'खूण जुळली नाही' एवढं लिहून वस्तू पुन्हा फडताळात. यात समोरच्याला खोटारडा म्हटलेलं नसतं. काउंटरवर हमसून रडणारी माणसं त्याने पाहिली होती. रडणं शंभर टक्के खरं, आणि छत्री तरीही दुसऱ्याची.

शेजारच्या टेबलावर शिक्के मारणाऱ्या बाईंना मात्र वाटे, हा देव मानत नाही म्हणजे याच्या बाबतीत काहीतरी घडलं असणार. आई लहानपणी गेली, त्याचा राग असणार.

"राग कसला, बाई? जो भेटलाच नाही त्याच्यावर रागवायचं कसं?" तो म्हणे. "काही घडलेलं नाही. खूण जुळली नाही, एवढंच. उद्या कुणी आणलीच, तर पहिला शिक्का तुमच्याकडूनच मारून घेईन."

"आणि तुमच्या ताईंना चालतं हे?"

"एकतीस वर्षं रोज देवापुढे माझं नाव घेतेय. मला सुधारायचा अर्ज असणार, दुसरं काय? अजून विचाराधीन आहे."

आई गेली तेव्हा तो नऊ वर्षांचा होता आणि ताई सोळाची. त्या वर्षी घरात शांतता म्हणून पडली नाही, कारण ताईने ती पडू दिली नाही. भांडी घासताना बोलली, त्याच्या वह्यांना कव्हरं घालताना बोलली, त्याच्या गणितांशी भांडली. पुढे तिचं लग्न झालं, नवरा गेला, ती परत आली, आणि तिच्याबरोबर तो आवाजही घरी परत आला. गेल्या वर्षभरात तो आवाज खरखरत चालला होता. डॉक्टर म्हणाले होते, चौदा दिवस पाळले तर पूर्वीसारखा होईल. नाही पाळले तर सांगता येत नाही.

*

संध्याकाळी तिने त्याच्यापुढे वही ठेवली. पाटीवर लिहिलं: उद्यापासून तू.

"मी काय?"

सव्वासहा.

ते काय असतं हे त्याला माहीत होतं, पण नीट माहीत नव्हतं. रोज सकाळी ताई खिडकीपाशी खुर्ची ओढते, वही उघडते आणि त्यातल्या माणसांसाठी मोठ्याने मागणं मागते. तेवढा वेळ तो न्हाणीघरात दाढी करायचा आणि नळ मोठा सोडायचा. तिचं तिला मोकळेपणानं बोलता यावं म्हणून, असं तो म्हणायचा.

"ताई, मनातल्या मनात म्हण ना. चौदा दिवसांचा तर प्रश्न. का त्याला मनातलं ऐकू येत नाही?"

तिने लिहिलं: त्याला येतं. मला येत नाही.

त्याने ते दोनदा वाचलं.

"हे बघ," तो म्हणाला, "तू सांग, मी दिवसातून चार वेळा तुझ्या घशाला वाफ देतो, पायाला तेल लावून देतो, शेजारणीच्या कागाळ्यासुद्धा ऐकतो. पण ज्याला मी मानत नाही त्याच्यासमोर बसून, याचा गुडघा बरा कर नि त्याला पास कर, असं म्हणायचं? ते खोटं होईल. तुझ्याशी मी आजवर खोटं बोललेलो नाही."

भांडायची संधी तिने कधी सोडली नव्हती. पाटीवर जागाही भरपूर होती. तिने फक्त मान हलवली, वही उचलली आणि पाटी पुसून कोरडी केली. त्याला रात्रीचं जेवण गेलं नाही.

*

पहिल्या दिवशी ती ओठ मिटून खिडकीपाशी बसली. दुसऱ्या दिवशीही. वहीवरून बोट खाली खाली सरकत होतं.

तिसऱ्या दिवशी त्याच्या अर्ध्या गालावर साबण होता आणि नळातून पाणी वाहत होतं. त्याने नळ बंद केला, का ते त्याचं त्यालाही कळलं नाही. बाहेरून आवाज आला. शब्द नव्हता तो. वाळक्या पानावर पाय पडावा तसा काहीतरी होता.

तो तसाच बाहेर धावला. "ताई! काय करतेस? आवाज कायमचा जाईल!"

तिने पदर तोंडावर धरला. चोरी पकडली गेलेल्या माणसासारखे तिचे डोळे मोठे झाले होते. मग तिने पाटी ओढली. घाईने लिहिलं:

शिंप्याचा डोळा. आज पट्टी काढणार आहेत.

"म्हणून तू तुझा गळा घालवणार?"

तिने खाली पाहिलं. त्याच्या हनुवटीवरून साबण ओघळून शर्टावर पडत होता. ते दाखवायला तिने बोट उचललं, तेही निमूटपणे.

*

त्या दिवशी काउंटरवर एक म्हातारा आला. बशीतून चहा सांडू नये तसा हळू चालणारा. त्याचा थर्मास चार नंबरच्या बसमध्ये राहिला होता. त्याला लिहिता येत नव्हतं.

अशा वेळी अर्ज कारकुनानेच लिहायचा असतो. त्याने फॉर्म पुढे ओढला आणि हाताला सवयीने ठाऊक असलेले शब्द वरच्या ओळीत लिहिले: अर्जदाराच्या सांगण्यावरून.

"खूण सांगा, आजोबा. आतली."

"झाकणाच्या आत नातीनं मासा काढलाय. नखानं. मी म्हटलं, बाई गं, हे काय करतेस? तर म्हणते, चहात पोहेल."

त्याने लिहिलं: झाकणाच्या आत मासा, नखाने काढलेला. चहात पोहण्यासाठी.

"शेवटचं वाक्य कशाला?" शिक्केवाल्या बाई डोकावून म्हणाल्या.

"ते म्हणालेत ना. जे म्हणाले ते लिहायचं."

"आणि मासा नसलाच तर? खोटं तुमच्या हातून लिहिलं जाईल की."

"माझ्या हातून कसं? हे मी थोडंच म्हणतोय? मी फक्त..." तो थांबला. लेखणी वरच्या ओळीवर टेकलेली होती.

बाईंनी फडताळातून थर्मास आणून झाकण फिरवलं. मासा होता. फुगीर पोटाचा, एका डोळ्याचा. म्हातारा दोन्ही हात पुढे करून उभा राहिला.

"जुळली," बाई म्हणाल्या आणि शिक्का मारला.

त्याचं लक्ष नव्हतं. तो फॉर्मची वरची ओळ वाचत होता, आयुष्यात पहिल्यांदा वाचावी तशी.

*

चौथ्या दिवशी सव्वासहाला त्याने दाढी केली नाही. स्वयंपाकघरातलं स्टूल आणून ताईच्या खुर्चीसमोर ठेवलं आणि हात पुढे केला.

"दे."

तिने वही छातीशी धरली. पाटी घेतली. तुला खोटं वाटतं ना?

"मी काही म्हणणार नाहीये. तू म्हणणार आहेस. मी वाचणार आहे." त्याने चष्मा लावला, घसा खाकरला आणि काउंटरवरच्या आवाजात सुरुवात केली. "अर्जदाराच्या सांगण्यावरून."

ताईचे खांदे हलायला लागले.

"हसू नकोस. गळ्याला ताण पडेल. एक. शिंपी. डाव्या डोळ्याला स्वच्छ दिसू दे. दोन. वरच्या मजल्यावरची बाळंतीण. तिला सलग चार तास झोप मिळू दे. तीन. धाकट्या मामांची नात. परीक्षा. फार नको, पण पास कर." तो थांबला. "फार नको?"

तिने लिहिलं: ती अभ्यास करत नाही. लाज वाटते मागायला.

"वा. अर्जदार प्रामाणिक आहे." तो पुढे वाचू लागला. "चार. बसमधून उतरताना हात देणारा कंडक्टर. नाव माहीत नाही. तुला माहीत असेल. पाच. खालची शेजारीण. तिची जीभ..." त्याने वर पाहिलं. "हे वाचू?"

तिने जोराने मान हलवली. तेही वाचायचं.

त्याने शेजारणीची जीभ वाचली, पोस्टमनचा गुडघा वाचला, जावयाशी न बोलणारी वर्गमैत्रीण वाचली. हळूहळू काउंटरवरचा आवाज कुठेतरी मागे राहिला. ताईने डोळे मिटले होते. प्रत्येक नावाला तिची मान किंचित खाली जात होती, हजेरी लागावी तशी. इतकी वर्षं नळाच्या धारेमागून ऐकू न आलेली माणसं एकेक करून खोलीत येऊन बसत होती.

"सोळा. शिक्केवाल्या बाई. त्यांना बढती." तो हसला. "सांगतो त्यांना. सतरा. छोट्या."

अठ्ठावन्न वर्षांच्या माणसाला या नावाने हाक मारणारं जगात आता एकच जण उरलं होतं. पुढे काय असेल ते त्याला पाठ होतं. बुद्धी दे. डोळे उघड. वाटेवर आण. तो वाचणार होता. ठरलंच होतं तसं, जे असेल ते वाचायचं.

"छोट्या," त्याने पुन्हा वाचलं. "आहे तसाच राहू दे."

रस्त्यावर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

त्याने ओळ पुन्हा पाहिली. मग वहीच पाहिली, आणि तेव्हा त्याच्या लक्षात आलं. एकतीस वर्षं शाई आणि कागद पाहिलेल्या माणसाच्या नजरेतून ते सुटणं शक्य नव्हतं. वही कोरी करकरीत होती. पिना चकचकीत. सतरा नोंदी एकाच पेनाने, एकाच बैठकीत उतरवलेल्या. वाचणारा कोण असणार हे माहीत असताना लिहिलेल्या. वस्तू बघून झाल्यावर सांगितलेली खूण तो काउंटरवर कधीच मान्य करत नसे.

"वही नवी दिसतेय," तो म्हणाला.

ताईने डोळे उघडले. शांतपणे लिहिलं: जुनी भरली. कपाटात, टॉवेलांखाली. बघायची तर बघ.

कपाट चार पावलांवर होतं. किल्लीही त्यालाच लटकलेली.

"कशाला?" तो म्हणाला आणि नवी वही मिटून तिच्या मांडीवर ठेवली. शालीचं टोक खाली घसरलं होतं, ते वर केलं. "पण म्हणजे बघ, तुझा अर्ज मंजूर झाला म्हणायचा. आहे तसाच राहिलोय."

तिने पाटी पुसली, एक शब्द लिहिला आणि त्याच्या नाकाशी धरली. पुरावा?

तो इतका मोठ्याने हसला की वरच्या मजल्यावरचं बाळ जागं होऊन रडू लागलं. दोघंही दचकून छताकडे बघत राहिले. दोन नंबरचे चार तास तर गेले. मग तो दाढी करायला गेला. नळ त्याने बारीकच सोडला. उरलेले दहा दिवस तो रोज सव्वासहाला स्टुलावर येऊन बसला, आणि रोज पहिली ओळ न चुकता तीच म्हणाला.

जुनी वही तो नोकरीला लागला त्या आठवड्यात सुरू झाली होती. तिच्या पहिल्या पानावर, आता जांभळट पडलेल्या शाईत, छोट्याच्या पुढे तेच चार शब्द आहेत.