राजाखालचा शेरीफ

मी बोलतेय, वेंडेल प्रुइटच्या स्वयंपाकघरातली मेपलच्या लाकडाची पाटी. ऐका, पण लगेच विश्वास ठेवू नका. मी स्वतःवरही ठेवत नाही.

माझ्यावर कोरलंय, ‘ज्याच्या दारामागे बंदूक, त्याच्या दारात राजाही टोपी काढतो.’ खाली अमेरिकेच्या एका संस्थापकाचं नाव होतं.

वेंडेलच्या वडिलांनी, एव्हरेटने, मला कोठारात कोरलं. समोर पुस्तक नाही, कागद नाही, मध्येच थांबून कुणाला तरी शिव्या घालणं चालू. तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. पुढे मी बंदूक क्लबच्या भिंतीवर लागले. येणारे-जाणारे माना डोलवायचे, वादात माझं वाक्य फेकायचे आणि खालचं नाव जरा मोठ्यानेच घ्यायचे. तो हे कधी म्हणाला, असं एकानेही विचारलं नाही.

एव्हरेट गेल्यावर क्लबने ठराव मांडला, की मला गावाच्या सभागृहात कायमचं लावावं. वेंडेलला कोण आनंद! वडिलांचं हातकाम सगळं गाव बघणार होतं. मार्चच्या गावसभेआधी खात्रीसाठी त्याने मला ग्रंथालयातल्या आर्डिसकडे नेलं. ती स्वतः हरणांच्या शिकारीला जाणारी, पण महासंशयी. बंदुकांविरुद्ध बोलणाऱ्यांचं एक लाडकं वचनही तिने बिनबापाचं ठरवलं होतं.

“सगळी पत्रं, भाषणं चाळली रे. हे वाक्य कुठेच नाही.”

“एखादं पत्र हरवलं असेल गं.”

“आणि ते नेमकं तुझ्या बाबांना सापडलं? बरं, एवढ्याशा ‘राजा’ला एवढी ऐसपैस जागा कशाला?”

तिने टॉर्च आडवा धरला. ‘राजा’च्या खाली तासून काढलेला ‘शेरीफ’ दिसू लागला.

वेंडेलने त्या अक्षरांवरून बोट फिरवलं. “कुंपणाच्या वादात बाबांचं शेरीफशी, इथल्या पोलीसप्रमुखाशी, वाजलं होतं... आर्डिस, गप्प राहशील?”

“राहीन की. तुला जमेल का ते बघ.”

सभेत मागच्या टेबलावर नंतरच्या जेवणासाठी बीन्स आणि ॲपल पाय झाकून ठेवले होते. मत मागायच्या आधीच लोकांनी हात वर केले. आर्डिसचा तेवढा खाली. वेंडेल हात तसाच वर ठेवून उठला.

“हे वाक्य माझ्या बाबांचं आहे. खालचं नाव त्यांनी उगाच लावलंय.”

“एव्हरेटचं?” मागून कुणीतरी म्हणालं. “मग माझ्या आजोबांचंही लावा. तेही भरपूर बडबडायचे!”

हशा पिकला. हात भराभर खाली आले. तेव्हा आर्डिसने आपला हात वर केला. वेंडेलचा आणि तिचा, असे दोनच राहिले.

मला फार लागलं ते. माझं एक अक्षरही बदललं नव्हतं.

वेंडेलने खालचं नाव रंधा मारून काढून टाकलं आणि मला घरी आणलं. आता जेवायला आलेला पाहुणा मला वाचतो आणि विचारतो, “वा, कोण म्हणालं हे?”

वेंडेल त्याच्या कपात कॉफी ओततो. “पटलं का, ते आधी सांग. मग नाव सांगतो.”

पाहुणा पुन्हा माझ्या तळाशी नाव शोधतो. तुम्हीही शोधलं असतं, असा माझा दाट संशय आहे.