नाथाजीचा होमरन

शनिवारी संध्याकाळी शिवांजलीचा फोन आला तेव्हा नाथाजी गोठ्यात धार काढत होता. फोन झाल्यावर तो उठला आणि दुधाची बादली म्हशीच्या पायाशी तशीच ठेवून घराकडं चालू लागला. मागून बायको ओरडली, तेव्हा कुठं त्याच्या ध्यानात आलं.

"पप्पा, उद्या कराडला यायचंच," पोरगी म्हणाली होती. "बेसबॉलला पंचवीस वर्षं झाली म्हणून जुन्या खेळाडूंना बोलावलंय. लियाकत सर येणार हायती. पयल्या दिवसापासनंचा सगळा इतिहास सांगणार हायती."

"फडात उसाची तोड चाललीया गं."

"एक दिस आई बगंल की. तुमी न्हाई आला तर इतिहास कसला?"

येतो म्हणून त्यानं फोन ठेवला, आणि तेव्हापासून त्याचा जीव थाऱ्यावर नव्हता.

शिवांजली कराडच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला होती. हॉस्टेलवर राहायची आणि विद्यापीठाच्या बेसबॉल संघात कॅचर होती, म्हणजे क्रिकेटातल्या विकेटकीपरसारखी, पण तोंडाला जाळी लावून उकिडवी बसणारी. कुंडलच्या पोरीला हे खूळ लागलं ते बापामुळं. तिला कळायला लागल्यापासून जेवणाच्या ताटावर तिनं बापाकडून एकच गोष्ट ऐकली होती. पंजाबातला सामना. शेवटचा डाव, दोन गडी बाद, एक धाव कमी, संघातला दोस्त आकाराम दुसऱ्या बेसवर उभा. पिचरनं चेंडू फेकला, नाथाजीनं बॅट फिरवली आणि चेंडू कुंपणावरून पलीकडच्या गव्हात जाऊन पडला. मग नाथाजी पहिला बेस, दुसरा बेस, तिसरा बेस करत सगळ्यांना पाय लावून परत घरी, म्हणजे जिथून मारला त्या होम बेसला. विद्यापीठाचा पहिला होमरन, आणि सामना खिशात! इथं नाथाजी ताटावर हात आपटायचा आणि संयोगिता, म्हणजे त्याची बायको, आमटी सांडली म्हणून त्याला बोलायची.

यातलं बरंचसं खरं होतं. चेंडू खरा, गहू खरा, आकारामसुद्धा खरा. नाथाजी पळाला, एवढंच खोटं होतं.

त्याचं झालं असं होतं. लियाकत सर तेव्हा कॉलेजात नवेच लागलेले क्रीडाशिक्षक होते. विद्यापीठाचा बेसबॉल संघ उभा करायचं त्यांनी अंगावर घेतलं आणि पाचगणीच्या कुठल्याशा बोर्डिंग शाळेत टाकून दिलेले हातमोजे दोन पोत्यांत भरून एसटीच्या टपावरून आणले. संघ कसला, क्रिकेटनं नाकारलेली आणि कबड्डीत गुडघे फुटलेली पोरं होती सगळी. मोजा कुठल्या हातात घालायचा हेही कुणाला ठाऊक नव्हतं. कामाचा हात उजवा, म्हणून सगळ्यांनी तो उजव्या हातात घातला. चेंडू अडवायचा, मोजा काढायचा, काखेत धरायचा आणि मग फेकायचा! समोरचा गडी तोवर दोन बेस पळून जायचा. साखरेच्या पोत्यांत वाळू भरून बेस केले होते, आणि त्या वाळूत पाय रुतून बसायचे. नियमांच्या पुस्तकाची पानं सर स्वतःच आदल्या रात्री वाचून दुसऱ्या दिवशी शिकवत, त्यामुळं सरांचं वाचन जिथवर आलं तिथवरच संघाला खेळ यायचा.

आणि होमरनचं पान अजून आलं नव्हतं. येईल तरी कशाला? आपल्यातलं कोण एवढा लांब मारणार होतं?

नाथाजीनं मारला. चेंडू कुंपणाबाहेर जाताना पाहिला आणि तो जागच्या जागी उभा राहिला. लहानपणापासून क्रिकेट खेळलेला गडी तो. सिक्सर मारल्यावर कोण पळतं? त्यानं बॅट वर केली आणि पंच दोन्ही हात कधी वर करतो याची वाट बघत राहिला. आकाराम दुसऱ्या बेसवरून मैदान मधूनच कापत आला आणि त्यानं त्याला खांद्यावर घेतलं. बाकीचे आले. वरात मांडवाकडं निघाली. मारला की पळायचं, एवढं तरी वाचलेले सर बाजूनं "पळ! पळ रं!" म्हणून बोंबलत होते, पण तेही आनंदानंच ओरडतायत असं सगळ्यांना वाटलं. बेसबॉलमध्ये चेंडू अमेरिकेत जाऊन पडला तरी चारी बेसना पाय लावावाच लागतो. पंचांनी नाथाजीला बाद दिलं. तिसरा गडी बाद, आकारामचीही धाव गेली, आणि संघ एका धावेनं हरला.

आता खरं सांगायचं तर घरी येऊन हे सांगायला नाथाजीची काही हरकत नव्हती. पण पंचांचा निकाल लागायच्या आधीच आकाराम एसटीडी बूथवर पळाला होता. 'नाथाजीनं होमरन मारला, जिकलो!' असा कुंडलला फोन गेला. परत आल्यावर नाथाजी तोंड पाडून एसटीतून उतरला, तर समोर हलगी. कुणीतरी त्याच्या डोक्यावर गुलाल ओतला. त्याच्या आईनं, चंद्राबाईनं, भर चौकात त्याच्यावरून लिंबू ओवाळून टाकलं. अशा वेळी मी पळालो नाही म्हणून कोण सांगेल? तो मूग गिळून बसला. पुढं लग्न झालं, मुलगी झाली, चंद्राबाई तीच गोष्ट कौतुकानं सांगत वारली. मूग गिळलेले गिळलेलेच राहिले.

पोरगी त्याच कॉलेजात गेली. पहिल्या सुट्टीत त्यानं हळूच विचारलं, "तितं माझं काय नाव निगतं का?" ती म्हणाली, "व्हय, पयला होमरन तुमीच मारला म्हणत्यात की." झालं. त्याला वाटलं, निभावलं.

आणि आता सर पहिल्या दिवसापासून सगळं सांगणार होते.

जेवण गेलं नाही. त्यानं आकारामला पुण्याला फोन लावला. "मी येणार म्हंजी येणार," आकाराम म्हणाला. "तुज्या सिक्सरशिवाय सरांचं भाषण हुईल व्हय रं?" आणि असा हसला की नाथाजीनं फोन कानापासून लांब धरला. मेल्याला हसायला काय जातंय! फोन ज्यानं केला तो पुण्यात मजेत, आणि पंचवीस वर्षं तोंड सांभाळायचं नाथाजीनं.

उजाडायच्या सुमाराला तो फडात गेला, तोडकऱ्यांशी उगाच वाद घातला, परत आला, इस्त्रीचा शर्ट चढवला, काढला, दुसरा घातला. "वरमाय झालायसा का काय?" संयोगिता म्हणाली. त्यानं मोटरसायकलला किक मारली. ताकारी गेली, शेणोली आली, उसाच्या ट्रॉल्यांमागं तो हॉर्न वाजवत राहिला. त्यानं ठरवलं होतं. कार्यक्रमाच्या आधीच सरांना गाठायचं आणि पाय धरायचे.

लियाकत सर मंगळवार पेठेतल्या घरात बसूनच होते. दाढी पांढरी झालेली, आवाज मात्र तसाच, मैदानावरचा. त्यांच्या पत्नी परवीनभाभींनी चहा आणला. नाथाजीनं कप हातात घेतला आणि तसाच खाली ठेवला.

"सर, एक इनंती हाय."

"बोल की रं."

"ती पंजाबची गोष्ट आज सांगू नका. माजी पोरगी तितं बसणार. घरात मी येगळं सांगितलंय."

"काय सांगितलंयस?"

"पळालो म्हणून."

सर हसतील असं त्याला वाटलं होतं. ते हसले नाहीत. त्यांनी चहा बशीत ओतला आणि फुंकून एक घोट घेतला.

"पयली चार वर्षं आपण नुसती हार खाल्ली नाथाजी. ही एक गोष्ट काढली तर माझ्याकडं सांगायला उरतंय काय? पण गाळतो. तुझी लेक, तुझं घर." मग म्हणाले, "कॉलेजच्या मैदानावर गेला हुतास का कवा परत?"

"न्हाई सर."

"जाऊन ये. अजून येळ हाय. पोरी सरावाला असतील."

मागितलं ते मिळालं होतं. तरी गाडी चालवताना त्याच्या जिवाची तगमग काही थांबेना. उलट सर इतक्या पटकन हो का म्हणाले, हा नवाच किडा डोक्यात वळवळायला लागला.

मैदान ओळखू येत नव्हतं. साखरेची पोती गेली होती, पांढरे शुभ्र रबरी बेस आले होते. प्रत्येक पोरीच्या डाव्या हातात नवाकोरा मोजा. नाथाजी कॅचरच्या मागच्या जाळीआड, लिंबाच्या झाडाखाली जाऊन उभा राहिला. समोर पाठमोरी, जाळीचा मुखवटा लावून उकिडवी बसलेली, ती शिवांजली. त्याला ते बघून बरं वाटलं. बॅट घेऊन उभी होती एक बारकी पोरगी, पहिल्या वर्षाची असावी.

त्या बारकीनं चेंडू असा काही हाणला की तो लांब कुंपणाकडं गेला. पोरगी स्वतःच चकित झाली आणि बॅट धरून बघत उभी राहिली.

"नाथाजीऽऽ!" मैदानभरातून आरोळी उठली. "ए नाथाजी! नाथाजीऽऽ!"

ओळखलं की काय आपल्याला! नाथाजीनं शर्ट नीट केला आणि कसंनुसं हसत हात वर केला. पण त्याच्याकडं कुणीच बघत नव्हतं. सगळ्या त्या बारकीकडं बघून ओरडत होत्या. तिनं दचकून बॅट टाकली आणि जीव घेऊन पहिल्या बेसकडं पळत सुटली.

त्याचा हात तसाच वर राहिला. कळायचं ते कळलं. उभी राहील ती नाथाजी. पंचवीस वर्षं इथल्या प्रत्येक पोराला, प्रत्येक पोरीला त्याच्या नावानं पळवलं जात होतं. आणि आज सगळ्यात मोठा आवाज आला होता तो कॅचरच्या मुखवट्याआडून.

त्याला पहिल्यांदा राग आला, सपाटून आला. घरात माझ्या ताटावर बसून ऐकायचं आणि इथं माझ्याच नावाची बोंब मारायची? तो निघालाच होता. तेवढ्यात पाणी प्यायला पोरी जाळीजवळ आल्या, म्हणून तो लिंबाच्या बुंध्यामागं सरकला.

"ताई, नाथाजी म्हंजी काय गं?" ती बारकी धापा टाकत विचारत होती. "सगळ्या म्हणत्यात. मला वाटलं बेसबॉलमधला काय नियम हाय."

"नियमच हाय," एक जण म्हणाली आणि बाकीच्या हसल्या.

शिवांजलीनं मुखवटा काढला. "माझे पप्पा हायती ते, अर्फा. ह्या विद्यापीठाचा पयला होमरन त्यांनी मारला. पळायचं तेवढं राह्यलं."

अर्फानं पाण्याची बाटली तोंडापासून खाली घेतली. "आन आपण असं वरडतो, ते त्यांना ठावं हाय?"

"न्हाई. आन आज ते येणार हायती, तर त्यांच्यासमोर कुणी वरडायचं न्हाई. आत्ताच सांगून ठेवते. घरी सांगत्यात तवा चारी बेस पळून येत्यात. लय भारी सांगत्यात. मी तेवढं ऐकूनच खेळायला आले." तिनं तोंडावर पाणी मारलं. "सरांना बी मी परवाच सांगितलंय, पंजाबचं गाळा म्हणून."

पोरी परत मैदानावर गेल्या. नाथाजी लिंबाखाली खालीच बसला. राग कुठं गेला ते त्याला कळलं नाही. आपण जिला सांभाळत होतो, ती दोन वर्षं आपल्याला सांभाळत होती. त्याला रडू आलं, आणि इस्त्रीच्या शर्टाच्या बाहीनं त्यानं ते पुसलं.

हॉल भरला होता. आकाराम पुढून दुसऱ्या रांगेत, तोंडभर हसत. पहिल्या रांगेत संघाच्या पोरी. शिवांजलीनं बापाला हात केला आणि मधली एक खुर्ची मोकळी करून दिली. लियाकत सर उभे राहिले. त्यांनी पाचगणीची पोती सांगितली, उजव्या हातातले मोजे सांगितले, हॉल खो खो हसला. मग सरांनी चष्मा पुसला आणि ते म्हणाले, "त्यानंतर तिसऱ्या वर्षी आपला मुलींचा संघ सुरू झाला."

"ओ सर, मधलं!" आकाराम ओरडला. कुणीतरी त्याला दाबून खाली बसवलं. शिवांजली समोर बघत ताठ बसली होती, दोन्ही हात गुडघ्यांवर घट्ट.

नाथाजी उठला.

"सर, पंजाबचं राह्यलं," तो म्हणाला.

सरांनी त्याच्याकडं बघितलं, मग शिवांजलीकडं, आणि माइक पुढं केला. पंचवीस वर्षं तीच ती गोष्ट सांगितलेल्या माणसाला सुरुवात सापडेना.

"मी नाथाजी," अखेर तो म्हणाला. मागं कुठंतरी हशा पिकला आणि लगेच विरला. "तुमी ज्याचं नाव घेऊन पळता, तो. बॉल मी मारला, त्यो खरा. पर माजा पाय पयल्या बेसला बी लागला न्हाई. मी हुबा ऱ्हायलो. आन घरात मी आजपातूर चारी बेस पळालोय. माज्या लेकीला ठावं हाय ते. तिला ठावं हाय, हे मला सकाळी कळलं, तितं लिंबाखाली."

मग त्यानं तिच्याकडं बघितलं. एवढ्या लोकांत ती मान खाली घालेल, याच भीतीनं त्यानं एवढी वर्षं काढली होती. शिवांजलीचे डोळे भरून आले होते, पण तिनं मान खाली घातली नाही.