सेवेतला आनंद

“हसले नव्हते मी,” मावशी म्हणाल्या आणि चिठ्ठी माझ्यासमोर टेबलावर आपटली. “ही लावा तिथं.”

चिठ्ठीवर मोठ्या गोल अक्षरांत लिहिलं होतं : ‘हे हसू नाही. पेशंट उचलताना माझी कंबर गेली, तेव्हाचं तोंड आहे. मी एकटी होते.’

आमच्या दवाखान्याच्या तळमजल्यावर, जिथं एरवी पेशंटचे नातेवाईक डुलक्या काढत बसतात, तिथं आठवडाभर फोटोंचं प्रदर्शन होतं. एका फोटोग्राफर बाईंनी वर्षभर वस्तीत आणि आमच्या दवाखान्यात फिरून काढलेले फोटो. वस्तीतल्या लोकांनी ते बघायचे, मनात येईल ते चिठ्ठीवर लिहायचं, आणि मी ती चिठ्ठी फोटोशेजारच्या फळ्यावर टाचायची. मी वॉर्डातला कारकून. टाचण्यांचा डबा हातात देताना अधीक्षक साहेब हळूच म्हणाले होते, “रंगाचा बेरंग करणारी एखादी आलीच, तर ड्रॉवरमध्ये ठेवा. समजदार आहात तुम्ही.” मी समजदार आहे. पंचवीस वर्षांच्या नोकरीत मला दुसरी कुठली पदवी मिळालेली नाही.

सगळ्यांत जास्त चिठ्ठ्या मावशींच्या फोटोला होत्या. दवाखान्यात पेशंट उचलणाऱ्या, पुसणाऱ्या, भांडं देणाऱ्या बाईला मावशी म्हणतात. एकदा नातं लावलं की बसायला खुर्ची द्यावी लागत नाही. वॉर्डाच्या बंद काचेपलीकडून काढलेल्या त्या फोटोत त्या एका धिप्पाड माणसाला ट्रॉलीवरून खाटेवर घेत होत्या. ओठ ताणलेले, दात दिसतायत, डोळे बारीक झालेले. खाली मथळा : ‘सेवेतला आनंद’. ‘किती गोड हसू!’ कुणीतरी लिहिलं होतं. ‘कामावर प्रेम असावं तर असं!’ एका शिक्षिकेनं तर शेजारी फूलही काढलं होतं. ते फूल बघून माझ्या डोक्यात तिडीक गेली, पण टाचलं मीच.

पेशंट उचलायला दोन माणसं हवीत, असा नियम आमच्याच भिंतीवर लावलाय. जोडीच्या मावशी निवृत्त झाल्यापासून ती जागा रिकामी. फोटोतल्या त्या क्षणी मावशींच्या मणक्याची चकती सरकली. त्यांनी अर्ज केला : दुखापत कामावर झाली, आता बसून करायचं काम द्या. अर्ज मान्य झाला नाही, तर अपात्र ठरवून घरी पाठवणार होते. चौकशीत मला विचारलं, “तुम्ही तिथंच होतात. काही ऐकलंत?”

मी दहा पावलांवर होतो. “आई गं!” ही किंकाळी अख्ख्या वॉर्डानं ऐकली होती. मी म्हणालो, “रजिस्टर भरत होतो, साहेब. लक्ष नव्हतं.” शेण खाल्लं मी, दुसरं काय म्हणायचं याला?

मावशींची चिठ्ठी मी ड्रॉवरमध्ये टाकली. दुसऱ्या दिवशी त्यांनी तशीच दुसरी आणून दिली, तीही टाकली. तिसऱ्या दिवशी त्या एक कागद घेऊन आल्या.

“वाचा.”

‘सदर दिवशीच्या छायाचित्रात अर्जदार प्रसन्न मुद्रेत दिसत असून, दुखापत कर्तव्यावर झाल्याचे सिद्ध होत नाही. अर्ज नामंजूर.’

“माझाच फोटो माझ्याविरुद्ध साक्षीला उभा केलाय,” मावशी म्हणाल्या. “आणि माझ्या चिठ्ठ्या कुठंयत, भाऊ?”

“फळ्यावर जागा नव्हती, मावशी.”

त्यांनी एकदा ड्रॉवरकडे बघितलं आणि त्या निघून गेल्या.

शेवटच्या दिवशी वस्ती लोटली होती. फोटोग्राफर बाईंनी मावशींना फोटोशेजारी उभं केलं. “अगदी तसंच हसा हं!”

“हसा हो मावशी, लाजायचं काय त्यात!” साहेबही म्हणाले.

“तसं हसायला माणूस उचलावा लागतो,” मावशी म्हणाल्या आणि त्यांनी बाकाकडे बोट दाखवलं. “साहेब, झोपा तुम्ही. उचलते.”

कुणीतरी खुदकन हसलं.

“ही काय भाषा झाली?” साहेब म्हणाले.

“झोपा ना! बघू दे सगळ्यांना, मला किती आनंद होतो ते.”

फोटोग्राफर बाईंनी कॅमेरा खाली घेतला. “तेव्हा दुखत होतं तुम्हाला?”

“तेव्हाच विचारायचं होतंत की, बाई.”

“पुरावा काय?” साहेबांचा आवाज चढला. “एकानं तरी ऐकलं का?”

मी उभा राहिलो. “मी ऐकलं, साहेब. ओरडल्या होत्या त्या. मी तिथंच होतो.” ड्रॉवर ओढून दोन्ही चिठ्ठ्या मी सगळ्यांसमोर फळ्यावर टाचल्या.

साहेब शांतपणे म्हणाले, “फाईल बंद झाली आहे. सोमवारपासून त्या कामावर नाहीत.”

मला वाटलं होतं, लाज वाटते सांगायला, की मावशींचे डोळे भरून येतील. निदान त्या मान तरी हलवतील. त्यांनी फळ्यावरच्या चिठ्ठ्यांकडे बघितलं, मग माझ्याकडे.

“आता होय, भाऊ?”

एवढंच बोलून त्यांनी पिशवी उचलली. दाराबाहेर पाच पायऱ्या आहेत. मी धावत जाऊन हात पुढे केला.

“राहू द्या,” त्या म्हणाल्या. कठडा दोन्ही हातांनी धरून, तिरक्या होत, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत त्या खाली उतरत गेल्या.