गाडीचं पाणी

नवी गाडी म्हणून जिला हार घातला, ती गाडी नवी नव्हतीच. कुठल्या तरी दुसऱ्या शहरात झिजून भंगारात निघालेली बस. तिला नवा पत्रा ठोकला, लाल रंग फासला, रेक्झिनची बाकं बसवली आणि आमच्या बेलापूर-वाशी रस्त्यावर सोडली. माझी सासू चंद्राबाई करावे फाट्यावर उभी राहून म्हणाली, "म्हातारीला मेंदी लावली नि बोहल्यावर उभी केली. आता बगा सौंसार."

संसार पहिल्याच आठवड्यात दिसला. ड्रायव्हर बाजीरावने चाक डावीकडे वळवलं की हॉर्न आपोआप बोंबलायचा. खिडक्या एकदा लावल्या की उघडत नव्हत्या. रंग तर इतका ओला की कमळाकर नावाचे एक साहेब रोज ऑफिसला पांढरा शर्ट घालून निघायचे आणि पाठीवर लाल पट्टा घेऊन उतरायचे. मला तेवढ्याने बरं वाटायचं.

कारण आमची वाट याच कमळाकरने अडवली होती. आम्ही करावे गावच्या. खाडीची मासळी पाटीत भरायची आणि वाशीच्या बाजारात ओट्यावर बसून विकायची, हा सासूचा धंदा. आधीच्या गाडीत मागच्या दाराशी मोकळी जागा होती, तिथे आमच्या पाट्या राहायच्या. नव्या गाडीत त्या जागेवर दोन बाकं आली आणि दारावर फलक लागला : मासळी चढवू नये. नव्या वसाहतीच्या सेक्टरात राहायला आलेल्या लोकांनी तक्रारी करून करून तो लावून घेतला, आणि त्यांत कमळाकर सर्वांत पुढे होता. ज्या जमिनीवर याची बिल्डिंग उभी राहिली ती आमची, आणि वास मात्र याला आमचाच यायचा.

या गाडीचं सर्वांत मोठं दुखणं म्हणजे तिचं इंजिन. बेलापूरहून निघाली की आमच्या फाट्यापर्यंत यायची आणि उकळायची. तोंडातून वाफ, खालून पाणी. नव्या गाडीला आमच्या फाट्यावर थांबा दिला नव्हता, पण गाडी रोज आमच्याच दारात थांबायची. फाट्याला लागूनच आमच्या गावाची विहीर आहे. आम्ही तिला बाव म्हणतो.

पहिल्या दिवशी कंडक्टर बादली घेऊन आला, पण बावीपासून चार हात लांबच थांबला. काळासावळा, नव्या खाकीतला तरुण माणूस. परभणीकडचा, किसन त्याचं नाव. दिघ्याला भाड्याच्या खोलीत राहायचा. म्हणाला, "मावशी, गाडीला पाणी पायजे. पण आधीच सांगतो, आमी बौद्ध हाव. चालंल का?"

सासूला हसू आलं. "मना काय इचारतं? इंजनाला इचार, त्याला चालतं का. पानी काय जात बगून निंगतं? घे, काढ."

किसनने पोहरा सोडला. दोर ओढताना त्याने एकदा मागे वळून आमच्याकडे पाहिलं. मग भराभर पाणी काढलं, गाडीत ओतलं, इंजिन गुरगुरायला लागलं. सासूने पाटी उचलून दाराशी नेली.

किसनचं तोंड उतरलं. "मावशी, पाटी नाई घेता येत. वरून हुकूम हाय. मी बदलीवरचा माणूस, अजून कायम नाई. चेकरनं पायलं तर घरी बसवतील."

"पानी घेतला तवा हुकूम कुटं होता?" सासू म्हणाली. त्याने घंटीची दोरी दोनदा ओढली आणि गाडी गेली.

असं रोज चाललं. गाडी उकळायची, किसन पाणी काढायचा, आमची पाटी रस्त्यावर राहायची. सासूला वाटायचं, आज ना उद्या याला लाज वाटेल. आम्ही कधी ट्रकवाल्याच्या पाया पडून, कधी उन्हातून चालत वाशीला पोचायचो, तोवर मासळी मऊ पडलेली आणि गिऱ्हाईक घरी गेलेलं. मग एके दिवशी पोचलो तर सासूच्या ओट्यावर तुर्भ्याची गिरजाबाई पाटी मांडून बसलेली. "जो येल त्याची जागा," ती म्हणाली. बाजाराचा नियमच तसा. आणखी काही दिवस उशीर झाला असता तर ती जागा कायमची गेली असती, आणि जागा गेली की कोळणीचा धंदा गेला. त्या रात्री सासू जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी गाडी वाफ सोडत फाट्यावर आली. किसन बादली घेऊन उतरला. आता तो लांब थांबत नसे, सरळ यायचा. त्याने पोहऱ्याला हात घातला तोच सासू बावीच्या काठावर चढली, दोर स्वतःच्या हाताला गुंडाळला आणि ओरडली, "हात काड! आमच्या बावीला हात लावाचा नाय!"

किसनने हात असा मागे घेतला की जणू चटका बसला. चार पावलं मागे गेला आणि पहिल्या दिवशी जिथे उभा होता, बरोबर तिथेच जाऊन उभा राहिला. मी ते पाहिलं. पण सासू त्याच्याकडे बघतच नव्हती. तिचे डोळे गाडीवर होते.

गाडीत बोंबाबोंब सुरू झाली. कमळाकर नाकावरचा रुमाल काढून खाली उतरले. "अहो बाई, हा काय प्रकार आहे? मला मस्टर गाठायचंय!"

"मना बाजार गाठाचाय," सासू म्हणाली. "माजी पाटी चढंल तवा तुमच्या गाडीला पानी मिलंल."

कमळाकरांनी घड्याळ पाहिलं, वाफ पाहिली आणि अडला हरी झाले. "अरे कंडक्टर, घे ना तिची पाटी! मीच सांगतो, घे!" बाजीरावही म्हणाला, "चढव रे किसन, कोन बघतंय इथं." बाकीच्यांनी माना डोलावल्या. ज्यांनी हुकूम आणला होता त्यांनीच तो गुंडाळला.

सासू जिंकली. ती काठावरून उतरली, दोर सोडला आणि हसत किसनला म्हणाली, "ये आता. काढ पानी."

"तुमीच काढा," किसन म्हणाला. "मी हात लावत नसतो."

शेवटी पाणी मी काढलं. किसनने बादलीसुद्धा जमिनीवर ठेवली, माझ्या हातात दिली नाही.

आम्ही पाटी घेऊन मागे बसलो. किसन तिकिटं फाडत आला. इतरांना हातात दिली. सासूने हात पुढे केला, तर त्याने तिकीट वरूनच सोडलं. ते तिच्या तळहातावरून घसरून पाटीच्या ओल्या फडक्यावर पडलं. सुट्टे पैसे त्याने बाकावर ठेवले आणि पुढे गेला.

सासू लाल झाली. "आसा कनाला टाकतं? मी काय महारोगी हाय?"

मला राग आवरेना. "आये, तू त्याला बावीला हात लावू नको बोललीस ना?"

"मी पाटीसाठी बोलली!"

"त्यानं पयल्या दिवशी काय इचारलं होतं तुला?"

ती तिकीट उचलून फडक्यावर पुसत राहिली, पुसून पुसून त्याचा लगदा झाला. वाशीला उतरताना ती दाराशी अडखळली, काहीतरी बोलणार होती. किसन दुसरीकडे बघत होता.

त्या दिवशी गिरजाबाईच्या आधी पोचून सासू आपल्या ओट्यावर बसली. मासळी ताजी होती, दुपारच्या आत खपली. एरवी ती अख्खा बाजार डोक्यावर घेते. त्या दिवशी गिऱ्हाइकाने मागितलेल्या भावाला देत गेली.

दुसऱ्या दिवशी ती माझ्या आधी फाट्यावर होती. पोहरा राखेने घासून लख्ख केलेला. पाटी तिने बाजूला, झाडाखाली ठेवली होती.

"पाटी हिकडं आन ना, गाडी येल," मी म्हटलं.

"ऱ्हाऊ दे. आज पाटीचं नाव काडाचा नाय." तिने पोहऱ्याचा दोर धुतला होता, तो ती हातात धरून उभी होती. "त्याच्या हातात देनार. बोलनार, तूच काढ. समद्या गाडीसमोर."

लांबून गाडी दिसली. आम्ही वाफ शोधत होतो, ती दिसेना. वळणावर हॉर्नही बोंबलला नाही. बाजीरावने वेग कमी केला नाही.

"थांबव रं!" सासू दोर हलवत रस्त्यात आली. "किसन! पानी हाय! ए किसन, पानी घे रं!"

किसन मागच्या दारात उभा होता. त्याने तिला पाहिलं, हातातला दोर पाहिला. घंटीची दोरी त्याच्या डोक्यावरच होती. त्याने दांडी धरलेला हात सोडला नाही.

गाडी गेली. रात्रीत कुणीतरी तिचं इंजिन दुरुस्त करून दिलं होतं. त्यानंतर आमच्या फाट्यावर ती कधी उकळली नाही.