ढब्बूची खुर्ची

खुर्ची घेऊनच

जायचं, असं तिने सांगितलं तेव्हा सासूबाईंना ती थट्टा करतेय असं वाटलं.

"मोटारीतली खुर्ची विमानात? उद्या पाळणाही घेऊन जाशील."

"त्याचं वेगळं तिकीट काढलंय. विमानाच्या सीटला खुर्ची बांधायची आणि खुर्चीत त्याला बांधायचं."

"बांधायचं म्हणे. लेकरू आहे का गाठोडं? तुझ्या नवऱ्याला मी मांडीवर घेऊन कुठे कुठे हिंडले. चांगली धडधाकट मांडी असताना खुर्ची कसली शोधतेस?"

नवऱ्याची दुसऱ्या शहरात बदली झाली होती, आणि ढब्बू पालथा पडायला लागला, बसायला लागला, ते सगळं त्याने फोनवरच पाहिलं होतं. म्हणून ही फेरी. सोबतीला सासरे येणार होते; ते विमानात पहिल्यांदाच बसणार होते आणि गल्लीतल्या निम्म्या लोकांना ते सांगून झालं होतं. विमान हादरलं तर मांडीवरचं मूल हातातून निसटतं, खुर्चीतलं निसटत नाही, असं तिने सगळ्यांना समजावलं. ते खोटं नव्हतं. पण तेवढंच खरंही नव्हतं.

खरं कारण

तिच्या उजव्या हातात होतं.

घरचं दुकान सोफ्यांचं. जुने सोफे, खुर्च्या, गाड्यांच्या सीटा यायच्या आणि नवं कापड, नवा फोम लेवून जायच्या. कापड बेतायचं टेबल सासऱ्यांनी कधी कुणाच्या हाती दिलं नव्हतं. पोटच्या पोरालाही नाही. "त्याला सरळ रेघ दिसत नाही, तो आपला नोकरीच करू दे," म्हणायचे. ते टेबल त्यांनी सुनेला दिलं. मोठी लोखंडी कात्री तिच्यापुढे ठेवली आणि स्वतः स्टेपल मारायला जाऊन बसले. एवढा मोठा मान त्यांनी एका शब्दानेही बोलून दाखवला नाही, आणि म्हणूनच ती तो जिवापाड जपत होती.

काही महिन्यांपासून त्या हाताचा अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिर व्हायची. आधी नुसती कात्री धरल्यावर. मग फोन धरल्यावर. मग ढब्बूला कडेवर घेतल्यावर. मुंग्या यायच्या, बोटांवर जाड कापड गुंडाळल्यासारखं व्हायचं, आणि मग हात असायचा पण तिचा नसायचा. एक कप फुटला, तेव्हा कानच गुळगुळीत होता म्हणाली. बरणी पडली, तेव्हा हात तेलकट होता म्हणाली.

घरात निभत होतं. पलंग होता, चटई होती, नाहीतर कुणाचीही मांडी. "जरा घ्या हो याला" म्हटलं की झालं. पण विमानात पट्टा बांधून बसल्यावर ती त्याला ठेवणार कुठे?

आणि सांगितलं तर? तर कुणी रागावणार नव्हतं. उलट सगळे अगदी मायेने तिच्या हातातली कात्री काढून घेणार होते.

आदल्या दिवशी सासऱ्यांनी

कुणाला न विचारता खुर्ची दुकानात नेली.

संध्याकाळी आणली तेव्हा ती ओळखू येईना. गडद निळं मऊ कापड, कडेने पिवळा गोट, पाठीला बोटभर जाड फोम. थिनरचा वास घरभर.

"राजाचं सिंहासन," ते म्हणाले. "आधीचं कापड बघितलंस? नुसतं पोतेरं. आपल्या घरचं पोर असल्या खुर्चीत बसून विमानात गेलं तर लोक म्हणतील, सोफेवाल्याच्या घरी कापड संपलं वाटतं."

तिने हसून फोम अंगठ्याने दाबला, मग न हसता पुन्हा दाबला. फोम दबतो. त्यावर पट्टा कितीही आवळा, जोराचा हिसका बसला की फोम खाली जाणार, पट्टा सैल पडणार आणि पोर पुढे येणार. हे तिला कळत होतं, कारण फोम काय करतो हे तिला त्यांनीच शिकवलं होतं. त्यांच्या ते लक्षात कसं आलं नाही? आलं नाही, कारण ते खुर्ची करत नव्हते, नातवाचे लाड करत होते.

सासरे फेरफटका मारायला बाहेर पडताच ती खुर्ची घेऊन खोलीत गेली. दार लोटलं. खालची शिवण उसवली, फोम ओढून काढला, कपाटाच्या मागे कोंबला, शिवण पुन्हा घातली. मध्ये दोनदा सुई हातातून गळाली. पट्टे आवळून पाहिले. बरोबर बसले.

फोमच्या नादात खुर्चीच्या बाजूंकडे तिने पाहिलंच नाही.

विमानात शिरल्यावर

पहिला अडथळा सासऱ्यांचाच.

"खिडकी त्याला? ज्याला बाहेर बघायचंच नाही, त्याला?"

"खुर्ची खिडकीशीच ठेवावी लागते, बाबा. मध्ये ठेवली तर आतल्या माणसाला बाहेर पडता येत नाही."

"आतला माणूस मीच असतो. मी कुठे जाणार होतो बाहेर?"

पुढच्या रांगेतल्या एका माणसाला हसू आलं. ढब्बू सासऱ्यांच्या कडेवर होता, त्यांची मिशी तपासत होता. तिने खुर्ची खिडकीशी ठेवली, विमानाचा पट्टा खुर्चीच्या पाठीमागून ओवला, गुडघा टेकवून आवळला. खुर्ची हलली नाही. सकाळपासून पहिल्यांदा तिने मोकळा श्वास घेतला. आता ढब्बूला आत बसवायचं, त्याचे पट्टे लावायचे, की आपण सुटलो.

"किती छान आहे हो ही," असं म्हणत एअर होस्टेस वाकली. तिशीची, केस घट्ट बांधलेले, आवाज गोड. "फक्त हिचं लेबल दाखवता का? विमानात चालते असं लिहिलेलं असतं ना, ते."

"हो, आहे. बाजूलाच आहे." तिने वाकून पाहिलं. दुसऱ्या बाजूला पाहिलं. पट्टा सोडला, खुर्ची उलटी केली, बुडाला पाहिलं. प्लास्टिक आरशासारखं स्वच्छ होतं.

"बाबा," ती म्हणाली. "इथे कागद चिकटवलेला होता. लाल अक्षरांचा."

"तो ना? काढला मी."

"काढला?"

"ब्लेडने खरवडला आणि थिनरने पुसला. जरासुद्धा खूण दिसणार नाही, बघ." त्यांच्या आवाजात अजून अभिमान होता. मग त्यांनी तिचं तोंड पाहिलं. "अगं, आपल्याकडे काम आलं की पहिली कंपनीची पाटी जाते. तुलाही माहीत आहे. दुसऱ्याचं नाव मिरवत आपलं काम बाहेर पडतं का कधी?"

तिला माहीत होतं. दुकानात तिने स्वतः शेकडो खरवडल्या होत्या.

एअर होस्टेसने हळू आवाजात सांगितलं, "लेबल नसेल तर मला ही ठेवू देता येणार नाही."

"खुर्ची तीच आहे. फक्त कागद गेलाय."

"कळतंय मला. पण कव्हरही बदललेलं दिसतंय, आणि मला ते तपासता येत नाही ना. मी विचारून येते. पण आशेवर राहू नका."

ती विचारून येईपर्यंत

उतरावं का. सांगावं, बरं वाटत नाही, आम्ही उतरतो. पण मग का म्हणून विचारतील. नवरा तिकडे सुट्टी काढून. डाव्या हाताने धरता येईल. डावा नीट आहे. पण डावा एकटा किती वेळ. पाय जवळ घेऊन त्यात. नाही, पट्टा. तिला बाजूला घेऊन सांगावं, मला धरता येत नाही हो, माझा हात. पण बाजूला म्हणजे कुठे, ही एवढीशी वाट, आणि बाबा इथेच, त्यांचे कान कसले तिखट. बाबांनाच द्यावं का ढब्बूला. द्यावं की. का देतेस म्हणतील. दमले म्हणावं. आत्ताच? अजून विमान सुरूही नाही. सकाळपासून मीच मीच करत होते, मीच धरते, मीच बांधते. निसटला तर. झोपेत घामेजतो तो, बुळबुळीत होतो. निसटला तर

"नाही म्हणाले," एअर होस्टेस म्हणाली. "खुर्ची आम्ही खाली सामानात ठेवतो, उतरल्यावर दारातच मिळेल. बाळाला मांडीवर घ्या, मी छोटा पट्टा आणून देते. तो तुमच्या पट्ट्यात अडकतो."

"बाळ आईकडेच ना?" एअर होस्टेसने विचारलं.

"आईकडेच," सासरे म्हणाले. मान खाली होती.

बोलायची हीच वेळ होती. पण तिने दोन्ही हात पुढे केले.

वर गेल्यावर

बराच वेळ काही झालं नाही. खिडकीची जागा रिकामी होती. तिकडे सरका म्हटलं तर सासरे सरकले नाहीत. शिक्षा झालेल्या मुलासारखे कडेला बसून राहिले.

"मला एक शब्द विचारायला हवा होता," शेवटी ते म्हणाले.

"असू दे, बाबा."

"असू दे काय. त्याची जागा घालवली मी." जरा थांबून, "फोम तरी चांगला होता."

तिने ढब्बूचं झबलं सारखं केलं.

ढब्बू झोपला. झोपलेलं पोर जागेपणीपेक्षा जड होतं, हे तिला नव्याने कळलं. त्याचं डोकं तिच्या उजव्या कोपरात होतं. तिने बाजू बदलू पाहिली, तो कुरकुरला, ती थांबली. मुंग्या अंगठ्यातून सुरू झाल्या. तिने बोटं हलवली. मनगट झटकता आलं असतं तर बरं वाटलं असतं. पण मनगटावर ढब्बू होता.

मग दिवा लागला. पट्टे बांधा. विमानाने एक लहानसा हिसका दिला, रस्त्यावरच्या खड्ड्यासारखा. मग दुसरा, चांगला मोठा. मागे कुणीतरी देवाचं नाव घेतलं. एअर होस्टेस खाण्यापिण्याची गाडी ढकलत लगबगीने मागे गेली आणि स्वतःही पट्टा बांधून बसली.

बोटांवर कापड गुंडाळलं गेलं. तिने खाली पाहिलं. आपला हात ढब्बूच्या पाठीवर आहे हे तिला दिसत होतं, कळत नव्हतं. तो धरून आहे की नुसता टेकलाय? तिने आवळून पाहिलं. आवळला का? ढब्बूच्या झबल्याला सुरकुती पडली नाही.

विमान खाली गेलं. पोट वर राहिलं. ढब्बू तिच्या मांडीवरून जरासा उचलला गेला, छोट्या पट्ट्याने त्याला पोटाशी अडवलं, डोकं मागे गेलं, आणि ते डोकं ज्या हाताने सावरायला हवं होतं तो हात तिथेच होता आणि काहीच करत नव्हता. डाव्या हाताने तिने मान पकडली.

"बाबा, घ्या याला."

"झोपलाय ना? राहू दे की."

"माझा हात चालत नाहीये. उजवा. मला तो कळत नाहीये, बाबा. घ्या."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं, हाताकडे पाहिलं. छोट्या पट्ट्याचा चाप तिला उघडेना, बोटं त्यावरून घसरत होती. त्यांनी तिचा हात बाजूला केला, चाप उघडला, पट्टा आपल्या पट्ट्यात ओवला, खेचून पाहिला, पुन्हा खेचून पाहिला. मग ढब्बूला छातीशी घेतलं. डोक्यामागे पंजा, कमरेभोवती कोपर. विमान हादरत राहिलं. ते सोफ्यासारखे घट्ट बसून राहिले.

ढब्बू जागा झाला, कुणाकडे आलोय ते पाहिलं, आणि रडायचं ठरवून पुन्हा बेत बदलला.

"कधीपासून?" सासऱ्यांनी विचारलं.

"बरेच महिने."

"कात्रीने?"

"आधी कात्रीने. आता कशानेही."

"कुठलं बोट?"

"अंगठा, आणि ही दोन."

"तो कप?"

"हो."

"बरणी?"

"तीही."

"तेलकट हात म्हणालीस. मी म्हटलं, आपल्या घरात एवढं तेल येतं कुठून." ते हसले नाहीत. "आणि या हाताने तू मला सबंध तीन माणसांचा सोफा बेतून दिलास. मागच्याच आठवड्यात."

"बरोबर बेतला ना?"

"बरोबर बेतलास. तेच तर म्हणतोय मी."

पुढचा हिसका आला. दोघांनी एकदम ढब्बूकडे हात नेला. त्यांचा आधी पोचला.

"उतरल्यावर त्याला सांगायचं," ते म्हणाले. त्याला म्हणजे त्यांच्या मुलाला. "आणि तिथेच डॉक्टरला दाखवायचं. परत आल्यावर बघू, म्हणायचं नाही."

"बरं."

"आणि परत आल्यावर टेबलाला हात लावायचा नाही."

हेच ते वाक्य. इतके महिने ती ज्याच्यापासून पळत होती, ते शेजारच्या सीटवरून, ढब्बूच्या डोक्यावरून, अगदी साध्या आवाजात आलं. वाद घालायला तिच्याकडे मुद्दे होते. पाठ होते. डाव्या हाताने शिकेन. लहान कात्री घेईन. तुमचेही हात कुठे तरुण आहेत.

"डॉक्टर हो म्हणेपर्यंत," ती म्हणाली.

सासरे हो म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत. ढब्बूने त्यांच्या शर्टाचं बटण तोंडात घेतलं होतं आणि ते सोडवण्यात ते गुंतले होते.

हाताला पुन्हा रक्त पोचायला लागलं. ते दुखतंच, नेहमीच. एरवी ती अशा वेळी पाठ फिरवायची, कुठेतरी काम काढायची. आता जागाच नव्हती. सगळ्यांदेखत तिने हात वर केला आणि झटकला, पुन्हा झटकला, तोंड वाकडं करून, जेवढं वाकडं व्हायचं तेवढं. पट्टे बांधायचा दिवा अजून विझला नव्हता.