सुमित्राची जोडी

फोन वाजला तेव्हा आनंदाबाईंचे दोन्ही हात कणकेत होते. त्यांनी कोपरानं फोन पुढं ओढला, नाकाच्या शेंड्यानं हिरवं बटण सरकवलं आणि ओरडल्या, "कोण हाय?"

"मावशी, मी सपना! नाव देऊन टाकलं!"

"कायले? लग्नाले?"

"नाई मावशी, पटाले! बायकायच्या पटात. लाख्या-बिजल्याची जोडी, धुरकरी सपना, मुक्काम रोहणं. आत्ताच फॉर्म भरला. आठ दिवस राह्यले!"

आनंदाबाई तिथंच पाटावर टेकल्या. पट म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, आणि धुरकरी म्हणजे छकड्यावर बसून जोडी हाकणारा. आणि ही सपना? वर्ध्याच्या शाळेत गणित शिकवणारी, जाड भिंगांचा चष्मा लावणारी, स्कूटीचं चाक खड्ड्यात गेलं की डोळे मिटून घेणारी?

"तू कधी बसली वं छकड्यावर?"

"लहानपणी. आईच्या मांडीवर."

"अन् कासरे?"

"कासरे आई धरे."

आनंदाबाईंना इतकं हसू आलं की कणकेचा हात तोंडावर गेला आणि गालभर पीठ लागलं. श्रावणापासून त्या अशा हसल्या नव्हत्या. पोळ्या तशाच टाकून त्या मागच्या दारानं निघाल्या, शेजारच्या गोठ्याकडं.

सपनाची आई सुमित्राबाई श्रावणात गेली. आठ दिवस ताप, मग दवाखाना, आणि तिथून ती परत आलीच नाही. गावाला अजून ते खरं वाटत नव्हतं, कारण सुमित्राबाई आजारी पडणाऱ्यातली नव्हतीच. दोघी एकाच उन्हाळ्यात लग्न होऊन रोहण्यात आल्या, घरं लागून. एकतीस वर्षं सुमित्रा आनंदाबाईंच्या घरात मागच्या दारानं शिरली, कधी विचारून नाही. आधी भांड्यावरचं झाकण उचलायची, मग म्हणायची, "काय केलं वं आज?" आनंदाबाईंचा हात मोडला होता तेव्हा ती वीस दिवस रोज सकाळी येऊन त्यांची वेणी घालून गेली. वेणी इतकी घट्ट घालायची की भुवया वर ओढल्या जायच्या. तक्रार केली की म्हणायची, "बरं हाय, तेवढीच तरणी दिसतेस."

तिचं माहेर हिंगणीचं. बापाच्या दारात पटाची जोडी असायची आणि पोरगी शाळा बुडवून बैल धुवायची. शंकरपट मधली काही वर्षं बंद होता. पुन्हा सुरू झाला तेव्हा पंचक्रोशीतल्या एका पटात शेवटचा दिवस बायकांसाठी ठेवला. बावन्न वर्षांच्या सुमित्रानं पहिलं नाव दिलं. रोहणं दोन दिवस हसलं. तिसऱ्या दिवशी सुमित्रा लुगड्याचा काचा मारून छकड्यावर बसली आणि सात सेकंदांत मैदान पार करून आली. मग कुणी हसलं नाही. त्यानंतर दर वर्षी तिची जोडी पळायची. सुरुवातीच्या टोकाला तिचा नवरा प्रभाकरराव बैल धरून उभे, आणि पल्ल्याच्या शेवटी बैलांसाठी ढेपेचं घमेलं घेऊन आनंदाबाई उभ्या. आनंदाबाईंचा आवाज असा, की त्या अंगणातून नवऱ्याला हाक मारत तेव्हा बसस्टँडवरची माणसं वळून पाहत. तिथून त्या ओरडायच्या, "ये रे लाख्याऽ, ये रे मुडद्याऽऽ!" आणि सुमित्रा धुळीतून हसत हसत त्यांच्या अंगावर यायची.

दुसऱ्याच दिवशी सराव सुरू झाला. सपनानं आठ दिवसांची रजा टाकली होती. पॅन्ट-कुर्ता, डोक्याला आईचा दुपट्टा आणि चष्मा डोक्यामागून रबरानं बांधलेला.

"चष्मा पडला तं?" आनंदाबाईंनी विचारलं.

"पडला तं बरंच. दिसणार नाई म्हणजे भेव वाटणार नाई."

प्रभाकररावांच्या मोकळ्या वावरात जोडी जुंपली. प्रभाकररावांनी बिजल्याला धरलं, आनंदाबाईंनी लाख्याला. दुसऱ्या टोकाला शेजारचे बंडूजी घमेलं घेऊन गेले.

"सोडा!" सपना ओरडली. बैल निघाले. पण कसे? बाजाराला निघाल्यासारखे. अर्ध्या वावरात बिजल्या थांबला आणि त्यानं निवांत शेपटीनं माशी हाकलली.

"पुन्हा!" सपना म्हणाली.

दिवसभरात सात वेळा झालं. दुसऱ्या दिवशी नऊ वेळा. सपना शिकत होती, हे मात्र खरं. कासरे कसे धरायचे, पाय कुठं अडकवायचे, वळणाआधी अंग कसं टाकायचं, सगळं तिनं वहीत उतरवून घेतलं होतं. एकदा छकडा कलंडला आणि ती खाली पडली. कोपर सोललं. उठली, माती झटकली, म्हणाली, "हां, आता पडणं कसं राह्यते ते समजलं." पण जोडी काही तिच्यासाठी पळेना. चौथ्या दिवशी सपना बैलांच्या तोंडापाशी उभी राहून त्यांची समजूत घालताना दिसली. लाख्या तिचा दुपट्टा चघळत होता.

सहाव्या संध्याकाळी प्रभाकरराव गोठ्यात दावी बांधत होते. मुळातच कमी बोलणारा माणूस, श्रावणापासून तर हो-नाही एवढ्यावरच आला होता. आनंदाबाई जायला निघाल्या तसे ते म्हणाले, "आनंदाबाई, एक सांगू काय?"

"सांगा ना भाऊजी."

"जोडी सपनापाई नाई अडून राह्यली. जोडीले तुमचा आवाज पाह्यजे. तिकून, त्या टोकाकून. सुमित्रा दरसाल मले सांगे, माह्या हाती नुसते कासरे रायते, जोडी तं आनंदा वढते."

आनंदाबाईंनी पदर तोंडाला लावला. हे सुमित्रानं त्यांना कधी सांगितलं नव्हतं. त्यांना सांगायची ते एवढंच, की तुझ्या बोंबलण्यानं माझे कान किटले.

"मले समजलं होतं भाऊजी," त्या हळूच म्हणाल्या. "पहिल्याच दिवशी समजलं. म्हूनच मी इकडं थांबली. त्या टोकाले उभं राह्यलं तं छकडा येईन, अन् त्याच्यावर सुमित्रा नसन. ते मले पाहवणार नाई."

प्रभाकररावांनी दाव्याची गाठ पुन्हा आवळली. मग म्हणाले, "मले बी रोज सकाळी एकाचाच चहा ठेवा लागते. ठेवतो."

आनंदाबाई घरी गेल्या. उरलेला एक दिवस त्या सरावाला आल्याच नाहीत. सपनानं दोनदा फोन केला, तर नवऱ्यानं सांगितलं, डोकं दुखते म्हणते.

पटाच्या दिवशी मात्र त्या सगळ्यांच्या आधी टेम्पोपाशी हजर होत्या. लुगड्याचा काचा मारलेला, डोळे सुजलेले, कमरेवर घमेलं.

"बंडूजी," त्या म्हणाल्या, "तुमी बैल धराले थांबा. घमेलं माह्यापाशी राहीन."

मैदानावर पाय ठेवायला जागा नव्हती. कारंजा, आर्वी, सेलू, कुठून कुठून ट्रॅक्टर भरून माणसं आली होती. भजी तळली जात होती, माइकवाला घसा फुटेस्तोवर ओरडत होता, आणि बायकांच्या बावीस जोड्या रांगेला लागल्या होत्या. कुणी फेटे बांधले होते, कुणी गॉगल. सपना पांढरीफटक पडली होती. "मावशी, वहीतलं सगळं विसरली मी," ती म्हणाली. आनंदाबाईंनी तिचे हात आपल्या हातात घेऊन करकचून दाबले आणि मागं न बघता चालायला लागल्या. लांबलचक धावपट्टीच्या कडेनं, घड्याळ थांबवणाऱ्या दोरीच्या पलीकडं, जिथं त्या दर वर्षी उभ्या राहायच्या तिथंवर.

"जोडी नंबर चौदाऽऽ! लाख्या-बिजल्याऽऽ! स्वर्गीय सुमित्राबाईंची जोडीऽऽ, धुरकरी त्यायची पोरगीऽऽ!"

गर्दी उठली. कुणीतरी शिट्टी मारली. आनंदाबाईंना पलीकडच्या टोकाला दोन पांढरे ठिपके आणि त्यामागं एक पिवळा ठिपका दिसला. तो दुपट्टा. झेंडी पडली आणि ठिपके हलले. हलले, पण तसेच, बाजाराला निघाल्यासारखे. गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "गेली, जोडी गेली."

तेव्हा आनंदाबाईंच्या पोटातून तो आवाज निघाला.

"ये रे लाख्याऽऽऽ! ये रे मुडद्याऽऽऽ! अरे माय पाहून राह्यली रेऽऽऽ!"

लाख्याचे कान उभे झाले. त्यानं मान खाली घातली आणि बिजल्यानं त्याला साथ दिली. मग काय! धुळीचा लोट उठला, छकडा जमिनीला टेकतो की नाही कळेना. आनंदाबाई ओरडत होत्या, घमेलं बडवत होत्या, नाचत होत्या. डोळे मिटायचे असं त्यांनी रात्रीच ठरवलं होतं, पण मिटायला सवडच कुठं होती! धुळीतून छकडा बाहेर आला आणि त्यावर सपना होती. अर्धी उभी, केस मोकळे, चष्मा कपाळावर चढलेला, तोंडाचा आ वासलेला. सुमित्रा हसत यायची. ही जिवाच्या आकांतानं किंचाळत येत होती.

"मावशीऽऽ! बाजूले व्हाऽऽ! मले थांबोता येत नाईऽऽऽ!"

घड्याळाची दोरी मागं पडली. जोडी आपणच वळली, मंदावली, थांबली, आणि लाख्यानं घमेल्यात तोंड घालताना आनंदाबाईंना असा धक्का दिला की त्या बदकन धुळीत बसल्या. सपनानं छकड्यावरून उडी मारली आणि तीही शेजारी बसली. दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून हसत होत्या की रडत होत्या, हे त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं.

"किती? किती झाले?" सपना विचारत होती.

"सात सेकंद बावीसऽऽ!" माइकवाला ओरडला. "दुसऱ्या नंबरावरऽऽ!"

मग एकेक जोडी पळायला लागली आणि या दोघी प्रत्येक वेळी एकमेकींचे हात आवळायच्या. विसावी जोडी मागं राहिली. एकविसावी आडवी गेली. बाविसावी जोडी कारंज्याच्या देवकाबाईची, साठीची बाई, तोंडात पान. ती सात सेकंदांच्या आत आली आणि खाली उतरून शांतपणे पिंक टाकली. सपना टाळ्या वाजवत उभी राहिली. "मावशी, काय बाई हाय!"

तिसरा नंबर. बक्षिसाला मिक्सर.

मिक्सरच्या खोक्यावर बसून भजी खाताना सपनानं विचारलं, "मावशी, आईले भेव नसे वाटत ना? ते तं हसत राहे."

आनंदाबाईंनी इकडं तिकडं पाहिलं. प्रभाकरराव बैलांना पाणी दाखवत होते. त्या कानाशी वाकल्या.

"भेव? पटाच्या सकाळी चार-चार खेपा टमरेल घेऊन वावरात जाये. मी रस्त्यावर पहाऱ्याले उभी! कोनाले सांगशील तं वीस वर्षं बोलणार नाई, म्हने."

सपनाच्या हातातलं भजं खाली पडलं. ती इतकी हसली की चष्म्याची काच ओली झाली. "आई? माही आई?"

"तुही माय. अजून सांगू?"

"सांगा ना! सगळं सांगा!"

एवढ्यात दोन बायका जवळ आल्या. एक नवी नवरी, एक तिची जाऊ. त्यांच्याही घरी जोडी होती, पुढच्या साली नाव द्यायचं होतं, सराव कसा करायचा ते विचारायला आल्या होत्या. सपनानं पर्समधून वही काढून त्यांना पाय अडकवायची रीत चित्र काढून समजावली. आनंदाबाईंनी मध्येच वही बाजूला सारली. "ते राहू दे. आधी तुमच्यातली कोन जोरानं ओरडते ते सांगा."

निघायला उन्हं कलली. टेम्पोत मागं बैलांच्या शेजारी गवताच्या पेंढ्यांवर दोघी बसल्या. आनंदाबाई सांगत होत्या, सुमित्रानं जत्रेत पाळणेवाल्याशी कसं भांडण केलं, सपनाच्या वेळी नऊ महिने भरले तरी चिंचेच्या झाडावर कशी चढली, सासूच्या समोर कशी शिट्टी वाजवली आणि नाव आनंदाचं घेतलं. सपना मध्ये मध्ये ओरडायची, "थांबा, हे मले माईत हाय, हे मी सांगतो!" दोघींचे आवाज एकमेकींवर चढत होते, आणि वळणावर टेम्पो कलला की दोघी बिजल्याच्या पोटावर आपटायच्या आणि पुन्हा सुरू व्हायच्या.

रोहणं आलं. टेम्पो गोठ्यापाशी थांबला, प्रभाकरराव पुढून उतरले, मागचं फळकं खाली पाडलं.

"चला, उतरा आता," ते म्हणाले.

कुणी ऐकलं नाही. सुमित्रा त्या वेळी पोलीस पाटलाच्या कोंबड्यामागं धावत होती, आणि कोंबडा अजून हाती लागायचा होता. प्रभाकररावांनी थोडं थांबून पाहिलं, मग फळक्याच्या कडेला टेकले आणि तेही ऐकायला लागले.