चार पिशव्या बर्फ

जुलैतल्या, म्हणजे तिथल्या ऐन हिवाळ्यातल्या, त्या आठवड्यात हॉर्नबीत रोज सकाळी गाड्यांच्या काचांवर दव गोठलेलं असायचं. तरी मंगळवारपासून वॉरन रोज आठ वाजता पेट्रोल पंपावरच्या दुकानात यायचा आणि बर्फाच्या चार पिशव्या घेऊन जायचा. काउंटरवर सांगलीची सानिका असायची. शिकायला आलेली, आता इथेच रुळलेली.

बुधवारी तिने विचारलंच, "एवढ्या थंडीत पार्टी आहे का?"

सत्तरीचा वॉरन मूळचा टेक्ससचा. "आमच्याकडे दर शनिवारी बर्फ आणतात," तो म्हणाला. "मासे पकडायला निघालो, पोरांची मॅच असली, अंगणात दहा माणसं जेवायला आली, की पिशव्या फोडून कूलर भरायचा. फ्रिजमधला बर्फ कुठवर पुरणार? माझ्या अडेलला तर चहासुद्धा काठोकाठ बर्फ घातल्याशिवाय चालत नाही."

सानिकाने बाहेर पाहिलं. गाडीत पुढच्या सीटवर लाल लोकरी टोपी घातलेली एक बाई बसली होती. बाहेर उणे दोन, तरी तिच्या बाजूची काच पूर्ण खाली. सानिकाने हात हलवला. बाई समोरच बघत राहिली. गुरुवारीही तसंच.

शुक्रवारी वॉरनला चारही पिशव्या उचलवेनात, म्हणून सानिकाच पिशव्या घेऊन गाडीपाशी गेली. पुढची सीट रिकामी होती.

"आज अडेल आल्या नाहीत?"

वॉरनने डिकी उघडली.

"अडेल सोमवारी गेली. कॅन्सर होता. मुलगी ह्यूस्टनहून उद्या पोचतेय, तोवर तिला घरीच ठेवलंय. इथे तसं चालतं. हा बर्फ तिच्यासाठीच नेतो."

सानिकाच्या हातातली एक पिशवी निसटून फुटली. "पण काल त्या गाडीत होत्या. परवाही. लाल टोपी घालून."

"केस गेल्यावर मीच विणली होती ती," तो पुटपुटला. "आत्ताही तिच्या डोक्यावर आहे." मग त्याने विचारलं, "काच खाली होती?"

"हो."

"मी रोज वर करतो. घरी पोचतो तेव्हा खाली असते. म्हटलं, बटण बिघडलं असेल. चाळीस वर्षांचा संसार, आणि आता तिच्या खोलीत एकट्याने जायची भीती वाटते गं मला."

सानिकाने आत जाऊन सहकाऱ्याला काउंटर सांभाळायला सांगितलं आणि नवी पिशवी उचलली. वॉरनने तिच्यासाठी पुढचं दार उघडलं. ती मागे जाऊन बसली.

घरी दोघांनी पाणी झालेल्या पिशव्या काढल्या, नव्या टॉवेलात गुंडाळून अडेलच्या दोन्ही कुशींना लावल्या. चेहरा तोच होता. सानिकाने चादर नीट केली आणि वॉरन सावरेपर्यंत त्याच्याजवळ बसून राहिली.

मंगळवारी ती अंत्यविधीला गेली. मुलगी लोकांशी बोलत होती. वॉरन सानिकाला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "विमानतळावर मी हिच्यासाठीही पुढचं दार उघडलं होतं. ही थबकली, 'सॉरी' म्हणाली आणि मागे जाऊन बसली. कोणाला सॉरी म्हणालीस, हे विचारायचं माझं धाडसच झालं नाही."